रेव्हरंड टिळक : एका बापाची घडण

गोमंतकीय वाचकाला मराठीतील ख्रिस्ती साहित्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले आणि ओवीच्या चालीवर ख्रिस्ताची कथा या भूमीत घरोघर पोहोचली. त्यानंतर तीन शतकांनी कोकणातील एका चित्पावन घराण्यातला कवी त्याच कथेकडे वळला. त्याने तिला ख्रिस्तायन असे नाव दिले. हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. केवढे हे क्रौर्य ही त्यांची कविता अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केली आहे. मराठी प्रार्थनामंदिरांत आजही त्यांची भजने गायिली जातात.

कवी आणि धर्मोपदेशक म्हणून टिळकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू मात्र बहुधा प्रसंगोपात्त उल्लेखापलीकडे जात नाही. ती बाजू म्हणजे टिळक बाप कसे होते ही. संसारी माणसाच्या वाट्याला येणारे मोह फार मोठे नसतात. संतापाच्या भरात हात उगारण्याचा मोह, घरातील माणसांवर आपले मत लादण्याचा मोह, बाहेरच्या वाहवेसाठी घर विसरण्याचा मोह, रुसून चालते होण्याचा मोह असे ते रोजचेच असतात. टिळक यांतील बहुतेकांना वश झाले होते. त्यांतील काहींवर त्यांनी विजय मिळविला आणि काही अखेरपर्यंत त्यांना पुरून उरले. ही झुंज पाहिल्याखेरीज त्यांच्या धर्मांतराचा खरा अर्थ कळत नाही.

तापट पित्याचा मुलगा

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव हे अतिशय तापट आणि कठोर वृत्तीचे गृहस्थ होते. आई जानकीबाई सोशिक, भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. मुलाच्या मनातील कोमलता आईकडून आली आणि स्वभावातील ज्वालाग्राही अंश वडिलांकडून आला, असे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता म्हणावे लागते. घरात धाक होता. मुलाला वडिलांची माया अशी फारशी लाभली नाही. आई गेली तेव्हा नारायण लहान होता. तिच्या मृत्यूनंतर त्याला त्या घरात राहवेना. तो बाहेर पडला आणि नाशिकला आला. तेथे संस्कृतचे अध्ययन, वाचनाची अनिवार ओढ आणि कवितेचा छंद यांतून त्याची घडण झाली. औपचारिक शिक्षण अपुरेच राहिले, परंतु स्वतःच्या कष्टाने त्याने संस्कृत, मराठी आणि इंग्रजी या भाषांत चांगली गती मिळविली.

ज्या घरातून मूल पळून जाते, ते घर त्याच्या मनातून इतक्या सहजासहजी जात नाही. धाकात वाढलेला मुलगा मोठेपणी स्वतः धाक दाखवू लागतो, हा अनुभव आपल्याकडे काही थोड्या घरांनी घेतलेला नाही. टिळकांच्या बाबतीतही तीच भीती होती.

१८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. सासरचे नाव लक्ष्मी. वधू अकरा-बारा वर्षांची होती आणि वर एकोणिसाव्या वर्षात होता. लक्ष्मीबाईंचे माहेरही एका विलक्षण पित्याच्या छायेत होते. त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचा इतका ध्यास लागला होता की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे. एका घरात संताप आणि दुसऱ्या घरात विटाळाचे भय. अशा दोन घरांतली दोन मुले संसार मांडायला निघाली होती.

बिऱ्हाड पाठीवर

पुढील दहा-पंधरा वर्षे हा संसार कोठेच स्थिर झाला नाही. मुरबाड, नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडे होत गेली. टिळक कधी शिक्षक होते, कधी कीर्तन-प्रवचन करीत, कधी संस्कृत ग्रंथांचे संपादन करीत. नोकरी लागे, काही दिवस उत्साहाने चाले, मग वरिष्ठांशी खटका उडे आणि टिळक राजीनामा देऊन मोकळे होत. घरी काय आहे आणि काय नाही, याचा विचार त्या क्षणी त्यांच्या मनाला शिवत नसे. एखादे दिवशी ते न सांगता घरातून निघून जात आणि मग पत्नीला नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढावे लागत. हातात पैसा आला की तो पुस्तकांवर किंवा दारी आलेल्या गरजवंतावर खर्च होई. किराण्यासाठी निघालेले पैसे वाटेतच दुसऱ्या मार्गाला लागत. संताप अनावर झाला म्हणजे शब्दांना धरबंध राहत नसे. मग तितक्याच उत्कटतेने पश्चात्ताप होई, डोळ्यांत पाणी येई, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच घडे.

या काळात घराने बालमृत्यूचे दुःखही सोसले. १८९१ साली जन्मलेला दत्तू म्हणजे देवदत्त हा त्यांचा मुलगा. टिळकांचे मुलांवर निरतिशय प्रेम होते. मुलांत मूल होऊन ते खेळत आणि त्यांच्यासाठी कविता रचीत. तथापि प्रेम करणे आणि भरवशाचा बाप असणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. बाप संध्याकाळी घरी येईल किंवा नाही याची ज्या घराला खात्री नसते, त्या घरात प्रेमाची ऊब पुरेशी पडत नाही.

आगगाडीतला सहप्रवासी

नागपुरात असताना टिळकांचा धर्मविचार वेगाने बदलत होता. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांपासून मुक्त असा एखादा नवा धर्म आपणच मांडावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या संस्थानात काम मिळाल्याने ते आगगाडीने तिकडे निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. कवितेवरून बोलणे सुरू झाले आणि धर्मावर येऊन थांबले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची प्रत भेट दिली. दिलेला शब्द पाळावा म्हणून टिळकांनी ती वाचावयास घेतली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. तेथून पुढे ते पुस्तक त्यांना सोडवेना.

त्या प्रवचनात मनुष्यवधाच्या निषेधाबरोबरच भावावर विनाकारण रागावण्याचाही निषेध आहे. पापाचे मूळ हातात नसून मनात असते, अशी त्याची शिकवण आहे. दानधर्म गाजावाजा न करता करावा, उद्याची चिंता करू नये, दुसऱ्याचा दोष काढण्यापूर्वी स्वतःचा पाहावा, या गोष्टीही तेथेच येतात. ज्याचे बालपण पित्याच्या संतापाने झाकोळले आणि ज्याला स्वतःचा संताप आवरत नव्हता, अशा माणसाला या प्रवचनाने धरून ठेवावे यात नवल नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची पुढे धारणा होती. आत्मपरीक्षणाची जी निष्ठुर सवय तुकारामाच्या अभंगांत दिसते, ती टिळकांच्या अंगी आधीच मुरलेली होती.

जो हक्क वापरला नाही

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला याची पूर्वकल्पना देण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. चार वर्षांच्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहू लागल्या. त्यांतील बराच काळ पंढरपुरात गेला. टिळक मिशनच्या कामासाठी अहमदनगरला स्थायिक झाले. एका धर्मनिष्ठ माणसाने आपल्या श्रद्धेसाठी घर मोडले, अशी ही घटना होती आणि लोकांनी तिचा अर्थ तसाच लावला. बायकोमुलाला दुःखात लोटून मिळविलेला धर्म कसला, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी केला. तो अनाठायी होता असे म्हणता येणार नाही.

परंतु टिळकांची कसोटी खरी लागली ती यानंतर. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला एक वाट मोकळी करून दिली होती. धर्मांतरामुळे जोडीदार एकत्र नांदण्यास नकार देत असेल तर न्यायालयाकडून विवाहबंधन तोडून घेता येई आणि पुन्हा लग्नही करता येई. मुलाच्या ताब्यावर बापाचा हक्क त्या काळी वरचढ मानला जात असे. टिळकांच्या पाठीशी मिशन होते आणि कायदाही होता. तरीही त्यांनी दुसरा संसार मांडला नाही आणि दत्तूला आईपासून हिरावून नेले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, भेटीसाठी येत राहिले. ज्याला कशाचीच वाट पाहण्याचे माहीत नव्हते, तो माणूस वर्षामागून वर्ष वाट पाहत राहिला. या विरहात लक्ष्मीबाईही कविता रचू लागल्या. नवऱ्यानेच त्यांना पूर्वी अक्षरओळख करून दिली होती.

पुढे त्या अहमदनगरला येऊन राहू लागल्या, परंतु स्वतःचा धर्म आणि आचार सांभाळूनच. एकाच संसारात ख्रिस्ती नवरा आणि सोवळे पाळणारी ब्राह्मण बायको असा प्रकार त्या काळी कोणी कल्पिला नसता. वेगळी चूल, वेगळे पाणी, वेगळे आचार, हे सारे टिळकांनी मान्य केले. धर्मोपदेशकाच्या घरातच असे चालावे याचे आजूबाजूच्या ख्रिस्ती मंडळींना आश्चर्य वाटले असल्यास ते स्वाभाविक होते. बाहेर उपदेश करावयाचा आणि स्वतःची पत्नी मात्र अजून हिंदू, ही स्थिती कोणत्याही उपदेशकाला अवघड वाटली असती. टिळकांनी ती सोसली. लक्ष्मीबाईंच्या मनातील गाठ अखेर त्यांच्या स्वतःच्या विचारानेच सुटली. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने निर्मिलेली नाही, हे त्यांना एका प्रवासात आतूनच उमगले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आणि पत्नीच्या बाप्तिस्म्यांत पाच वर्षांचे अंतर पडले आणि त्या पाच वर्षांतील संयम हीच टिळकांची मोठी कमाई ठरली.

नगरचे घर

अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले होते. अहमदनगर हे १८३१ पासून त्याचे महत्त्वाचे केंद्र होते. १८४२ साली तेथेच ज्ञानोदय हे नियतकालिक निघाले. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले. धर्मशिक्षण देणे, भजने रचणे, कीर्तने करणे, गावोगाव जाणे असा त्यांचा दिनक्रम होता. टाळ-वीणा आणि अभंगाची चाल त्यांनी चर्चमध्ये आणली. ख्रिस्ती होण्यासाठी परदेशी होण्याची गरज नाही, हा त्यांचा आग्रह होता.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. शेकडो पोरकी मुले मिशनच्या आश्रयाला आली. टिळकांच्या घराचे दारही त्यांना उघडे होते. दत्तू आणि धाकटी मुलगी तारा यांच्याबरोबर परकी मुले एकाच पंगतीला बसत. जात विचारली जात नसे. ज्या लक्ष्मीबाईंच्या माहेरी बाजारची वस्तू धुऊन घेतली जाई, त्याच लक्ष्मीबाई आता कोणाच्याही लेकराला उचलून घेत होत्या. उपदेशाने एवढा बदल क्वचितच होतो. घरातील पुरुष रोज कसा वागतो हे पाहूनच घर बदलते.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण कवी आला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला बालकवी ही पदवी मिळाली होती. टिळकांनी त्याला घरी ठेवून मुलाप्रमाणे वागविले आणि लक्ष्मीबाईंनी आईप्रमाणे त्याचे लाड केले. भावी काळातील थोर कवी आपल्या हाताखाली आहे, हे टिळकांनी ओळखले होते. त्याला आपल्या धर्मात ओढण्याचा मोह एखाद्या उत्साही धर्मोपदेशकाला सहज झाला असता. बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे त्या घरातील त्यांच्या मानात तिळमात्र उणेपणा आला नाही. पत्नीच्या बाबतीत टिळक जे शिकले होते, ते या मानसपुत्राच्या बाबतीतही उपयोगी पडले. ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हा हे घर पोटचा मुलगा गेल्यासारखे शोकाकुल झाले.

जे मोह जिंकता आले नाहीत

टिळकांचे चित्र एवढ्यावर थांबविले तर ते खोटे ठरेल. त्यांचा राग अखेरपर्यंत गेला नाही. फरक पडला तो एवढाच की राग शमल्यावर चूक कबूल करून क्षमा मागण्यास ते कमीपणा मानीनासे झाले. वामनरावांच्या घरात बापाने क्षमा मागितल्याचे कोणी कल्पनेतही आणले नसते.

पैशाच्या बाबतीत तर त्यांच्यात फारशी सुधारणा झालीच नाही. महिन्याचा पगार आला की तो वाटेत वाटला जाई आणि उरलेल्या दिवसांची मिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे. औदार्य हा सद्गुण खरा, परंतु घरच्यांना न विचारता केलेल्या दानाचा भार त्यांच्याच शिरावर पडतो. दाता म्हणून नाव नवऱ्याचे होते आणि डबे रिकामे बायकोचे होत. उधळ्या माणसाला दारू किंवा जुगार यांचा मोह असतो, तसा टिळकांना देण्याचा मोह होता. त्यांच्या हातून उपकृत झालेल्यांना तो मोह वाटला नाही, एवढेच.

१९१७ साली त्यांनी याहूनही मोठी झेप घेतली. मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक बंधुसंघ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. परदेशी पैशावर अवलंबून राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाला स्वावलंबनाचे उदाहरण घालून देण्याची त्यांची इच्छा होती. वय छप्पन्नच्या घरात होते आणि प्रकृती खालावत चालली होती. घराची नियमित प्राप्ती थांबली. हा निर्णय तत्त्वासाठी होता, यात शंका नाही. पण तरुणपणी एका खटक्यासरशी राजीनामा देणारे टिळक आणि साताऱ्याला निघालेले टिळक यांत काही नाते नव्हते, असेही म्हणता येत नाही. मधल्या काळात घडलेला बदल एवढाच की आता घर त्यांच्या मागे उभे होते. लक्ष्मीबाईंनी या वेळी कपाळाला हात लावला असेल, परंतु साथ सोडली नाही.

मागे काय राहिले

९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्निसंस्कार देण्यात आला. ख्रिस्तायन अपुरे राहिले होते. आरंभीचे काही अध्यायच टिळकांच्या हातून लिहून झाले होते. पुढील साठांहून अधिक अध्याय रचून ते महाकाव्य पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. जिला नवऱ्याने अक्षरे गिरवायला शिकविली, तिने नवऱ्याचे महाकाव्य शेवटाकडे नेले.

परंतु बाप म्हणून टिळकांविषयी निकाल द्यावयाचा तर साक्ष काढावी लागते ती त्यांच्या मुलाची. देवदत्त टिळक स्वतः लेखक आणि संपादक झाले. पंडिता रमाबाईंचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले. वडिलांच्या आठवणी एकत्र कराव्यात म्हणून त्यांनी आईला लिहिते केले आणि त्यातून १९३४ पासून स्मृतिचित्रे भागाभागाने वाचकांपुढे आले. आज ते मराठी आत्मचरित्रांतील शिरोमणी मानले जाते. या पुस्तकात टिळकांचा विक्षिप्तपणा, त्यांचा राग, त्यांचे निघून जाणे, त्यांची उधळपट्टी, धर्मांतराच्या वेळी त्यांनी दिलेले दुःख हे सारे आहे. लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, पण काही लपवीत नाहीत.

एखाद्या नामांकित धर्मोपदेशकाच्या मुलाला वडिलांची मूर्ती निष्कलंक दाखविण्याची इच्छा झाली असती तर ती समजण्यासारखी होती. हस्तलिखित हातात होते. चार प्रसंग गाळले असते तर कोणाला कळलेही नसते. देवदत्तांनी ते केले नाही. बापाचे दोष उघडपणे सांगितले तरी बाप लहान होत नाही, ही खात्री त्या मुलाला होती. वामनरावांच्या धाकातून पळून गेलेल्या नारायणाने आपल्या मुलाला अशी निर्भयता दिली, हे त्याचे सर्वांत मोठे यश होय. कवितेत त्याची बरोबरी कदाचित दुसरा कोणी करील. तीन पिढ्यांच्या या कथेत धाकाची साखळी तुटली ती मात्र त्याच्याच हातून.

आदर्श पिता कधी चुकत नाही अशी एक समजूत आहे आणि तिच्यापायी अनेक घरांत बाप चुका झाकण्यातच आयुष्य घालवितात. मुलांना ते कळायचे राहत नाही. टिळकांच्या घरात चूक झाकली जात नसे. ती पत्नीला दिसे, मुलांना दिसे, आणि कबूलही केली जाई. दर रविवारी चर्चच्या बाकावर किंवा दर एकादशीला देवळाच्या सभामंडपात बसणाऱ्या बापाची परीक्षा तेथे होत नाही. ती घरी परतल्यावर, दार लोटून आत आल्यावर होते. टिळक या परीक्षेला रोज बसले आणि पुष्कळदा नापास झाले. तरी ते घराकडे फिरून येत राहिले, आणि त्या येण्याची खात्री हळूहळू त्यांच्या मुलांना वाटू लागली.